रिठ्यांची झिल्ली

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला एक वाईट खोड होती. डोळ्यांसमोर जे घडेल त्याचं कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नसे. सासूबाई कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवायच्या, जरा वेळाने पातेल्याच्या तळाशी पाणी जमायचं. दुसरी कुठलीही सून म्हणाली असती, आई, पाणी सुटलं. मी म्हणाले, "आई, हे परासरण आहे. बाहेर मीठ जास्त झालं, म्हणून पेशीतलं पाणी झिल्ली ओलांडून बाहेर आलं." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कैरीकडे पाहिलं. "आलंय तर येऊ दे," म्हणाल्या. "तू मोहरी कूट."

माझी नात हे ऐकते तेव्हा म्हणते, "आजी, तू तेव्हा असह्य असशील यार." होते ना. इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते आणि जगातला प्रत्येक माणूस माझ्या वर्गात बसलेला आहे, असंच धरून चालत होते. शाळा हिंदी माध्यमाची. त्यामुळे ज्याला पुण्याकडची माणसं पेशीपटल म्हणतात त्याला मी जन्मभर झिल्लीच म्हणत आले. आता या वयात काय बदलायचं.

झिल्ली हा माझा सगळ्यात लाडका धडा. पेशीच्या भोवती एक इतका पातळ पापुद्रा असतो की साध्या सूक्ष्मदर्शकातून त्याची जाडी दिसतही नाही. पण तो आहे म्हणून आत आणि बाहेर असं काही आहे. तो ज्या रेणूंचा बनतो त्या प्रत्येकाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाणी खपत नाही. असे असंख्य रेणू पाण्यात सापडले की आपोआप दोन थर करतात. डोकी दोन्ही बाहेरच्या अंगांना, पाण्याकडे. शेपट्या आत, एकमेकींच्या आडोशाला. कुणी कुणाला बांधलेलं नसतं. सगळे सारखे सरकत असतात, शेजार बदलत असतात, तरी भिंत उभी राहते. आणि त्या भिंतीत जागोजागी प्रथिनांची दारं असतात. कुणाला आत सोडायचं, कुणाला दाराशीच थांबवायचं, ते तिथे ठरतं. हे शिकवताना माझा आवाज चढायचा. मुलींना वाटायचं, बाई रागावल्या.

आमचे हे मिलमध्ये होते. साळखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात त्या खात्यात, सुपरवायझर. सासरे खानदेशातून मिलच्या नोकरीसाठीच इंदूरला आले होते आणि आम्ही मिलच्या चाळीत राहत होतो. यांनाही एक खोड होती. कुठेही गेले तरी कापड दिसलं की अंगठा आणि दोन बोटं यांच्यात धरून चोळून बघायचे. पाहुण्यांच्या घरचा पडदा, पंगतीतला बस्कर, एकदा तर आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंचा पदर. "फार विरळ आहे हो," असं त्यांना सांगूनही आले. मी आठवडाभर बाईंच्या समोर जायचं टाळलं.

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, मग एका सकाळी भोंगा झालाच नाही. चाळीतल्या बायकांनी त्या दिवशी कुकर उशिरा लावले, कारण भोंग्यावरच सगळ्यांची घड्याळं चालायची. वर्तमानपत्रात रोज छापून येत होतं की देशाची दारं आता उघडली आहेत. पीथमपूरला नवे कारखाने उभे राहत होते, दुकानांत रंगीत टीव्ही रचलेले दिसत होते. आमच्या चाळीसमोरचं एक मोठं दार तेवढं बंद होतं आणि चाळीतले पुरुष रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून त्या दारासमोर जाऊन बसत होते. हेही जायचे. दुपारी जेवायला यायचे, परत जायचे.

यांचा एक मावसभाऊ बऱ्हाणपूरला असायचा. त्याचे पॉवरलूम होते. त्याने निरोप पाठवला होता की तुझ्यासारखा माणूस मला हवाच आहे, संक्रांतीपर्यंत जागा धरून ठेवतो. त्या हिवाळ्यात आमच्या घरात हा एकच प्रश्न होता, हे बऱ्हाणपूरला जाणार की इथेच थांबणार. यांचं उत्तर ठरलेलं. "मिल सुरू होईल. सुरू होईल त्या दिवशी खात्यात माणूस नको का?" सासूबाई म्हणायच्या, "अरे, बसून बसून बुरशी येईल तुला, जा." मला विचारलं तर मी म्हणायचे, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." मनातून मला हे जायला नको होते. पण मी पडले शिकलेली बाई. जाऊ नका म्हणणं, रडणं वगैरे मला फार मागासलेलं वाटायचं. एवढं परासरण येत होतं, पण दोन शब्द तोंडातून बाहेर येत नव्हते.

संक्रांतीच्या सुमारास शाळांचं विज्ञान प्रदर्शन असायचं. त्या वर्षी मी झिल्लीचा मोठा नमुना करायचं ठरवलं. थर्माकोलचे पांढरे ठोकळे सगळेच करतात, मला काहीतरी हलणारं हवं होतं. फळांच्या पेटीच्या फळ्यांची चौकट केली. वर एक तार, खाली एक तार. डोकी म्हणून रिठे. प्रत्येक रिठ्याला दाभणाने भोक पाडायचं, तो तारेत ओवायचा आणि त्याला सुताच्या दोन शेपट्या बांधायच्या. वरच्या रिठ्यांच्या शेपट्या खाली लोंबतील, खालच्यांच्या पिठाची खळ लावून वर उभ्या राहतील. रिठे तारेवर मोकळे सरकले पाहिजेत, म्हणजे झिल्ली वाहती असते ते मुलींना कळेल. मधेमधे दारं म्हणून मिलच्या रिकाम्या बॉबिनी. त्यांच्या पोकळीतून साबुदाणा आत जाईल, शेंगदाणा अडकेल.

सासूबाई रिठ्यांनी केस धुवायच्या. डबा रिकामा बघून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "आता मी डोक्याला काय लावू, तुझी झिल्ली?"

मी शेपट्या बांधत होते आणि माझ्या गाठी सुटत होत्या. हे कोपऱ्यात पेपर धरून बसले होते. बराच वेळ बघत राहिले असावेत. मग उठून आले, माझ्या हातातलं सूत घेतलं, बोटांवरून एक वेढा दिला, चिमटीत ओढलं आणि रिठा माझ्यासमोर ठेवला. साळ्यांची गाठ. मोहरीसारखी बारीक आणि ओढली तर आणखी घट्ट होणारी.

"अशी बांधतात," म्हणाले. "किती करायचेत?"

"पुष्कळ."

मिल बंद झाल्यापासून त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न असेल.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आमच्या ओट्यावर बैठक भरलेली. चाळीत वरच्या खोलीत राहणारा फिटर आणि समोरच्या खोलीतले, मिलमध्ये माग चालवणारे एक गृहस्थ, जे मूळचे देपालपूरचे म्हणून सगळे त्यांना देपालपूरवालेच म्हणायचे, असे दोघं यांच्याबरोबर रिठे घेऊन बसलेले. गेटसमोर बसण्याऐवजी तिघं आता इथे बसले होते.

"क्यों भाभीजी," देपालपूरवाले म्हणाले, "ये दो पूँछ का जानवर काटता तो नहीं?"

"भिया, ये तुम्हारे पेट में भी है," फिटर म्हणाला. "सुपरवायझर साब ने बताया. पूरे बदन में येई भरे हैं."

"तभी तो मेरे पेट में गुदगुदी होती है."

"गुदगुदी नहीं होती, भूख होती है. घर जा के खा लो."

मी लगेच सांगायला लागले की हे रेणू इतके लहान असतात की एका पेशीच्या झिल्लीत ते अगणित असतात. तिघांनी फार आदराने ऐकून घेतलं. मी आत गेल्यावर देपालपूरवाल्यांचा आवाज आला, "मास्टरनीजी के सामने साँस भी सोच के लेनी पड़ती है." आणि यांचं हसणं. ते हसणं मी किती तरी दिवसांनी ऐकत होते. चहा टाकताना मला वाटलं, राहतील हे. आता इथेच राहतील. हा माझा शास्त्रीय निष्कर्ष. आधार काय, तर ओट्यावरचं हसणं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी घरी आले तेव्हा नमुना पूर्ण झाला होता. हे बाजूला उभे होते, हात पुसत.

त्यांनी तो विणून टाकला होता.

वरच्या रिठ्यांच्या शेपट्या खालच्या रिठ्यांच्या शेपट्यांना गाठी मारून जोडल्या होत्या. तो झाला ताणा. मग त्यातून सुईने आडवं सूत घालत घालत, मागाच्या जुन्या फणीच्या तुकड्याने ठोकत, चौकटभर कापड विणलं होतं. पांढरं, घट्ट, दोन्ही बाजूंना किरमिजी काठ. बॉबिनी काजाच्या भोकांसारख्या नीट बसवलेल्या. रिठे मोत्यांसारखे दोन ओळींत बसले होते, तसूभर हलत नव्हते. मी मिलचं कापड आयुष्यभर नेसले, पण यांनी हाताने काही विणलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"नुसती सुतं लोंबत होती गं," म्हणाले. "नेता नेता सगळं विसकटलं असतं. आता टेम्पोत टाकून ने, काही होणार नाही."

सासूबाई काठावरून बोट फिरवत होत्या. "लुगडं व्हायचं याचं," म्हणाल्या.

मी काय म्हणायला हवं होतं? निदान एक संध्याकाळ गप्प बसता आलं असतं. पण बाई, त्या वयात गप्प कोण बसतं. मी म्हणाले, "सुंदर झालंय. पण झिल्ली विणलेली नसते."

"म्हणजे?"

"ताणा नसतो, बाणा नसतो. कुणी कुणाला बांधलेलं नसतं."

"मग ते टिकतं कसं?" ते चिडले नव्हते. खरोखरच त्यांना कळत नव्हतं. वीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती, उभं आणि आडवं एकमेकांत अडकलं की कापड होतं, नाही अडकलं तर नुसता गुंता. "न विणलेलं कापड मी तरी पाहिलं नाही."

"दाखवते," म्हणाले मी.

परातीत पाणी घेतलं, धुण्याची पावडर कालवली, शाळेतून आणलेलं थोडं ग्लिसरीन घातलं. यांच्याकडून एका तारेची बांगडीएवढी कडी वाकवून घेतली. तिच्यात मधोमध दोऱ्याचा एक सैल फास बांधला, परातीत बुडवली आणि उचलली. कडीत पापुद्रा धरला. उन्हं कलली होती, तिरप्या उजेडात त्याच्यावर रंग फिरत होते. दोऱ्याचा फास त्यात वेडावाकडा तरंगत होता. मी फासाच्या आतल्या पापुद्र्याला कोरडं बोट लावलं. आतला तेवढा फुटला आणि फास झटकन गोल झाला. बाहेरचा पापुद्रा तसाच.

"हे दार झालं," मी म्हणाले. "भिंत न मोडता भिंतीला दार. खरं म्हणजे साबणाच्या पापुद्र्यात सगळं उलटं असतं हं, डोकी आत आणि शेपट्या बाहेर, कारण इथे बाहेर हवा आहे, झिल्लीच्या बाहेर पाणी असतं, तेव्हा..."

आताही ती बाई मला दिसते, हातात गळती कडी धरून, उलटं-सुलटं समजावत उभी. तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो.

हे ऐकत नव्हते. बघत होते. मग त्यांचा हात पुढे आला. अंगठा आणि दोन बोटं. कापड चोळून बघायची सवय. त्यांनी पापुद्रा चिमटीत धरला आणि बोटांत काहीच आलं नाही. तारेची कडी रिकामी, बोटं नुसती ओली. त्यांनी ती बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

"हे धरून कुणी ठेवलं होतं?"

"कुणीच नाही. झिल्लीतले रेणूही पाण्यामुळेच तसे राहतात. शेपट्यांना पाणी नको असतं, म्हणून त्या एकमेकींजवळ जातात. पाण्याने दोन्हीकडून ढकललेले असतात म्हणा."

"एकमेकांवरच्या मायेने नाही."

"माया कसली रेणूंना," मी म्हणाले. फार शास्त्रीय उत्तर दिलं.

ते खाली बसले, चौकट मांडीवर घेतली आणि किरमिजी काठाचं टोक शोधून उसवायला लागले. मी म्हणाले, राहू द्या, मी असंच नेते, परीक्षकांना काय कळतंय. "चुकीचा माल बाहेर नाही पाठवायचा," म्हणाले. एकेक आडवा धागा काढून बॉबिनीवर गुंडाळत, शेपट्यांच्या गाठी सोडवत गेले. फिटर ओट्यावरून डोकावला. "क्या साब, बना के उधेड़ रिये हो?" यांनी मान वर केली नाही. "गलत बुन दिया था." आयुष्यात त्यांनी हे वाक्य कितीदा म्हटलं असेल, पण दुसऱ्यांना.

प्रदर्शनाला हे माझ्याबरोबर आले. चौकट सांभाळायला माणूस हवा म्हणून. मला परीक्षकांच्या मागे इकडेतिकडे पळावं लागत होतं, नमुन्यापाशी हेच उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट तोच, गेटवर जायचा. मी दुरून बघत होते. दोन वेण्यांची एक मुलगी, दुसऱ्या कुठल्यातरी शाळेची, तारेवरचे रिठे बोटाने इकडून तिकडे सरकवत होती.

"अंकल, ये तो बँधे हुए ही नहीं हैं."

"नहीं बेटा. ये कपड़ा नहीं है."

"फिर बिखरते क्यों नहीं?"

"दोनों तरफ पानी है न. जाएँगे कहाँ."

तिने साबुदाणा बॉबिनीतून टाकला, खाली पडलेला बघितला. मग विचारलं, "और पानी सूख गया तो?"

मी पुढे झाले. हा माझा प्रश्न होता, याचं उत्तर मला पाठ होतं. पण मी पोचायच्या आत ते बोलले. आवाज अगदी साधा, खात्यात एखादं ठाण खराब निघालं तर बाजूला काढा म्हणताना असायचा तसा.

"फिर ये नहीं रहती. सब अपने-अपने."

मुलीने मान हलवली आणि पुढच्या टेबलावर ज्वालामुखी बघायला गेली. हे एक रिठा धरून उभे राहिले. उत्तर अगदी बरोबर होतं. मी शिकवलेल्या कुठल्याही मुलीने ते इतकं नेमकं दिलं नव्हतं.

बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. आम्ही चौकट घेऊन परत निघालो. चाळीकडे वळायच्या आधी मिलचं गेट लागतं. तिथे नेहमीची माणसं बसली होती, देपालपूरवाले होते, त्यांनी हाक मारली, "आओ साब, कोई खबर आई क्या?" यांनी हात वर केला आणि न थांबता चालत राहिले. मिल बंद झाल्यापासून ते त्या गेटसमोरून न थांबता कधी गेले नव्हते. पुढच्या वळणावर म्हणाले, "बऱ्हाणपूरला निरोप देऊन टाकतो."

मला तेव्हा म्हणायचं होतं, नका जाऊ. आपण दोघं बांधलेले आहोत, लग्न झालंय आपलं, आपण काय रेणू आहोत का. मी म्हणाले, "तिकडे थंडी असते का?"

"मागांच्या खोलीत कसली थंडी."

"स्वेटर तरी न्या."

"नेतो."

असे ते गेले. मला कुणी म्हटलं की तू समजावलंस म्हणून ते गेले, तर मला हसू येईल. मी इतकी भारी शिक्षिका कधीच नव्हते. माणूस आपल्याला हवं तेव्हाच समजून घेतो. पण त्यांना ते समजलं तेव्हा हातात माझा रिठा होता, एवढं खरं. उन्हाळ्याच्या आत फिटर पीथमपूरला गेला. देपालपूरवाल्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त वाट पाहिली, मग बायकोमुलांना घेऊन गावी शेतावर गेले. ओटा मोकळा झाला. चाळीत कुणाचं कुणाशी भांडण झालं नव्हतं. सगळे इतके नीट निरोप घेऊन गेले की रडायला कारणही सापडेना.

हे पहिल्यांदा घरी आले ते होळीला. मी आणि सासूबाई सकाळपासून दाराकडे कान लावून होतो. बस उशिरा आली असावी. दार उघडंच होतं, तरी त्यांनी कडी वाजवली. आपल्याच घराची. मी "या" म्हणाले. काय म्हणायचं असतं, मला माहीत नव्हतं. पायातल्या चपला कुठे काढाव्यात म्हणून ते क्षणभर थबकले, मग भिंतीशी जोडीने लावून ठेवल्या. बारीक झाले होते. मागांच्या आवाजात राहून बोलणं मोठं झालं होतं, सासूबाईंशी बोलताना शेजारी ऐकतील इतकं.

हातपाय धुऊन आले आणि मला म्हणाले, "टॉवेल कुठे ठेवता आता?"

टॉवेल खिळ्यावर होता, नेहमीच्याच. मी तो काढून दिला.

चहा सासूबाईंनी केला. घरात आम्ही सगळे पेल्यातून प्यायचो, हे सुद्धा, गरम पेला धोतराच्या सोग्यात धरून सासरे प्यायचे तसे. सासूबाईंनी फळीवरून कपबश्यांचा जोड काढला. निळ्या फुलांचा, पाहुण्यांसाठी ठेवलेला. पदराने पुसला, त्यात चहा ओतला आणि बशीसकट आपल्या मुलासमोर ठेवला. मी बघत होते. त्यांनीही ते पाहिलं असणार, कारण हात पुढे करण्याआधी ते जरा थांबले. सासूबाईंना काही कळलं नाही. लांबून आलेल्या माणसाचं नीट करावं, एवढंच त्यांच्या मनात.

त्यांनी कप उचलला आणि म्हणाले, "छान झालाय."

पाहुणे म्हणतात तसं.